मोडेम: पूल की द्वारपाल?

ब्रॉडबँडची नवी जोडणी देण्यासाठी कंपनीचा माणूस घरी येतो. तार आत घेतो, खिडकीजवळ मोडेम बसवतो, आपल्या लॅपटॉपवर चार-दोन पाने उघडतो आणि जाता जाता विचारतो, "काका, ब्रिज ठेवू का पीपीपीओई?" घरधनी चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा डोळ्यांवर चढवतात आणि सांगतात, "तुम्हांला योग्य वाटेल ते ठेवा." माणूस चहा घेऊन निघून जातो. त्याच्या दृष्टीने जे योग्य, ते बहुधा त्याला सोपे असते. पण ज्या घरात हा मोडेम पुढे वर्षानुवर्षे अहोरात्र चालू राहावयाचा, त्या घराचे नाव, संकेतशब्द आणि दरवाजा कोणाच्या स्वाधीन असावा याचा निर्णय त्या एका वाक्यात होऊन गेलेला असतो.

हे समजण्यासाठी मोडेमच्या अंगावर कोणकोणती कामे पडतात ते पाहिले पाहिजे. पहिले काम तारेचे. टेलिफोनची जुनी तांब्याची तार असेल, तर सेकंदाला चार हजार कंपनांखालचा पट्टा बोलण्यासाठी सोडून त्याच्या वरच्या पट्ट्यातून मोडेम एक्स्चेंजशी संधान बांधतो. हे काम दोन्ही पद्धतींत सारखेच आहे. दुसरे काम ओळख पटवण्याचे: हा ग्राहक कोण, त्याचे नाव आणि संकेतशब्द बरोबर आहेत काय, हे पलीकडच्या यंत्राला पटवून तेथून इंटरनेटवरचा एक पत्ता मिळवावयाचा. तिसरे काम वाटपाचे. मिळालेला पत्ता एकच, आणि घरात टेलिफोन, संगणक, दूरदर्शन-संच अशी दहा तोंडे. त्या सर्वांना त्या एका पत्त्यावर पोसावयाचे. पीपीपीओई पद्धतीत मोडेम ही तिन्ही कामे करतो. ब्रिज पद्धतीत तो फक्त पहिले करतो आणि बाकीची दोन त्याच्या मागे जोडलेल्या यंत्रावर सोपवतो. पुलाने जाणाऱ्या-येणाऱ्याचे नाव विचारू नये, तसा तो वागतो.

नाव-संकेतशब्दाचा हा विधी आला कोठून? भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तेव्हा टेलिफोनवरून नंबर फिरवावा लागे. कॉल सुरू झाला की खाते उघडे आणि कॉल तुटला की बंद. पुढे तार सदैव जागी राहू लागली. फिरवावयाचा नंबर उरला नाही, परंतु कोण केव्हा आला, किती वेळ राहिला आणि त्याचे काय बिल करावयाचे, ही कंपन्यांची जमाखर्चाची सारी मांडणी मात्र जुन्या कॉलवरच उभी होती. ती मोडू नये म्हणून १९९९ च्या फेब्रुवारीत, आर.एफ.सी. २५१६ या क्रमांकाच्या दस्तऐवजात, इथरनेटवरही जणू टेलिफोनच लावला जात आहे अशी योजना नोंदली गेली. तीच ही 'पॉइंट टू पॉइंट प्रोटोकॉल ओव्हर इथरनेट', म्हणजे पीपीपीओई. अंधारात वाड्याच्या दिंडीशी आलेल्या पाहुण्याने "आत कोणी आहे का?" म्हणून हाक द्यावी, आतून "आहे" असे उत्तर यावे, पाहुण्याने "मग मला आत घ्या" म्हणावे आणि त्याला एक क्रमांक मिळावा, असे चार संदेश प्रथम होतात. नाव आणि संकेतशब्द विचारले जातात ते त्यानंतर.

या शिष्टाचाराला थोडा कर पडतो. इथरनेटच्या एका पुडक्यात १५०० बाइट मावतात. त्यांपैकी ८ या विधीत जातात आणि उरतात १४९२. आकडा क्षुल्लक खरा. पण जे यंत्र दारात उभे आहे त्याला तो ठाऊक नसेल, तर काही पाने झटकन उघडतात, काही अर्धी येऊन अडून बसतात, आणि घरातली माणसे कंपनीला दोष देत राहतात.

आपल्याकडे हा प्रश्न घरोघर आला तो २००५ च्या जानेवारीत, बी.एस.एन.एल.ने 'डेटावन' या नावाने ब्रॉडबँड सुरू केले तेव्हा. आदल्याच वर्षीच्या सरकारी धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट हा वेग ब्रॉडबँड म्हणवून घेण्यास पुरेसा मानला होता. आज त्याचे हसू येईल. मात्र त्या काळी पुष्कळ योजनांत महिन्याच्या वापराला मर्यादा असे आणि ती ओलांडली की बिल चढे. घरात संगणक एक, आणि त्यावर बहुधा २००१ साली निघालेली विंडोज एक्सपी. पीपीपीओईची सोय तिच्यात मुळातच होती. तेव्हा ब्रिज पद्धत काटकसरी गृहस्थाला मानवे. पडद्यावरच्या चौकटीत संकेतशब्द घालावा, काम करावे आणि उठताना दिवाणखान्यातला दिवा मालवावा तशी जोडणी तोडावी. मोडेमच स्वतः नंबर लावून बसला, तर जोडणी रात्रंदिवस चालू राही आणि संगणक परस्पर काय काय उतरवून घेतो, ते महिनाअखेर कळे.

या काटकसरीला एक दुसरी बाजू होती, आणि ती फार थोड्यांच्या ध्यानात आली. ब्रिज पद्धतीत जगाकडून मिळालेला पत्ता सरळ संगणकाच्याच कपाळी येतो. मध्ये आडोसा नाही. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा संगणकी किडा जगभर पसरला, त्याला कोणी पत्र उघडण्याची वा कोणते बटण दाबण्याची गरज नव्हती. संगणक उघड्यावर असणे पुरे होते. एक्सपीची स्वतःची संरक्षक भिंत आपोआप उभी राहू लागली ती ऑगस्ट २००४ च्या सुधारणेपासून. ज्यांनी जुन्या सीडीवरून प्रणाली बसवली होती, त्यांच्या घराला पूल होता आणि दार नव्हते. मोडेमने वाटपाचे काम केले, तर बाहेरून न बोलावता आलेला संदेश आत कोणाला द्यावा हेच त्याला समजत नाही आणि तो तेथेच पडून राहतो. हे संरक्षण काही कोणी मुद्दाम योजिलेले नव्हे, पण उपयोगी पडले खरे.

मग मोडेमलाच द्वारपाल नेमले की निश्चिंत व्हावे काय? जुलै २०१७ मध्ये याचे उत्तर मिळाले. कारखान्यातून आलेला मूळ संकेतशब्द ज्यांत कधी बदलला गेला नव्हता, असे आपल्या देशातले हजारो मोडेम एका दुष्ट प्रोग्रॅमने निकामी केले. ब्रिज पद्धतीतल्या मोडेमला बाहेरच्या जगात पत्ताच नसतो. त्यामुळे अशा रीतीने दूरवरून कोणी त्याचे दार ठोठावू शकत नाही. मोडेमला द्वारपाल करावयाचे, तर त्याच्या व्यवस्थेच्या पानाचा संकेतशब्द पहिल्याच दिवशी बदलणे आले. हे काम कंपनीचा माणूस क्वचितच करतो, कारण पुढच्या खेपेस त्यालाच आत जावयाचे असते.

आजच्या घरात तराजू पुष्कळसा पीपीपीओईकडे झुकला आहे. एक संगणक उरला नाही. आईचा फोन, मुलांचे फोन, भिंतीवरचा टी.व्ही. ही सर्व पडली वायफायची गिऱ्हाइके. पीपीपीओईचा नंबर फिरवणे त्यांना शिकवलेलेच नाही. ज्या घरात कंपनीने दिलेले एकच यंत्र आहे, तेथे ते ब्रिजमध्ये टाकणे म्हणजे स्वयंपाकघराला बाहेरून कुलूप लावण्यासारखे आहे. अशा घरी मोडेमनेच नंबर लावावा, हे निःसंशय.

ब्रिजचा खरा अवसर येतो तो दुसरे यंत्र घरात आले म्हणजे. मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही म्हणून कोणी चांगलासा राउटर विकत आणतो आणि मोडेमच्या मागे जोडतो. आता वाटपाचे काम दोघे करू लागतात. एकाच गल्लीत दोन पोस्टमन! साधे काम बहुधा चालते. पण परगावी असलेल्या मुलाला घरचा कॅमेरा थेट पाहावयाचा असेल, तर त्याची हाक पहिल्या दारातच विरून जाते. येथे एकाने निवृत्त व्हावे. एकतर मोडेमला पूल करून नाव-संकेतशब्द राउटरला द्यावेत, नाहीतर मोडेमला द्वारपाल ठेवून राउटरकडे केवळ वायफाय पसरवण्याचे काम ठेवावे. दोघांनाही तोच संकेतशब्द देऊन दोघांकडूनही नंबर लाववू नये. कंपनी बहुधा एकालाच आत घेते.

यातही एक पाहून घेण्याजोगी गोष्ट आहे. पत्त्यांच्या टंचाईमुळे अनेक कंपन्या आपल्या ग्राहकांना खराखुरा सार्वजनिक पत्ता देतच नाहीत, १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या मालिकेतला, २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवलेला, एक सामाईक पत्ता देतात. मोडेमच्या पानावर असा पत्ता दिसला, तर ब्रिज करूनही तो कॅमेरा बाहेरून थेट दिसणार नाही, कारण अडसर कंपनीच्या दारात आहे. तसे असेल तर कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा, मोडेमशी झटापट करू नये.

तांब्याची तार जाऊन काचेचा तंतू आला, तरी हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी तसाच राहिला आहे. काही कंपन्यांनी नाव-संकेतशब्दाचा विधी सोडून दिला. इतरांकडे तो चालू आहे. बदल करण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घ्याव्या लागतात: खात्याचे नाव, त्याचा संकेतशब्द, आणि तारेच्या मार्गाचा क्रमांक. बी.एस.एन.एल.च्या तांब्याच्या तारेवर तो ० आणि ३५ असा असे. तंतूच्या जोडणीत त्याच्या जागी व्हीलॅनचा क्रमांक विचारावा लागतो. हे न लिहिता मोडेम पूर्वस्थितीवर आणणारे लोक मग दोन-दोन दिवस कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसतात. अनेक घरांत हा कागद असतो, पण तो मोडेमच्याच पोटाखाली चिकटवलेला असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज वाचता येईल असा. तो तेथून काढून कपाटातल्या वीजबिलांच्या फायलीत ठेवावयास एक मिनिट पुरते.