‘सापडत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. व्याख्यानमालेत संतवाङ्मय यावे, राज्यघटना यावी, शेतीपाणी यावे; तेथे संगणकावर आज्ञावली बसवताना येणाऱ्या अडचणीचे काय काम, असे कोणी विचारले तर आम्ही त्यांना दोष देणार नाही. परंतु नात्यागोत्यात एकही मुलगा वा मुलगी संगणक शिकत नाही, असे घर आता शोधावे लागेल. शिवाय ही अडचण दिसायला लहान असली, तरी तिच्यापायी एक हुशार मुलगा शिक्षण सोडण्याच्या बेतात आलेला आम्ही पाहिला आहे. तेव्हा थोडा वेळ ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.

गोष्ट २०१३ सालची. आमच्या ओळखीतला एक विद्यार्थी एके सायंकाळी घरी आला. चेहरा उतरलेला, डोळे जागरणाने लाल. त्याने जावा या भाषेत आज्ञावली लिहिण्याची सामग्री संगणकावर बसवली होती. या सामग्रीला जेडीके म्हणतात. तिच्या आधाराने चालणारी दुसरी एक सामग्री त्याला बसवायची होती. अशी सामग्री बसवून देण्यासाठी जी आज्ञावली येते तिला इन्स्टॉलर म्हणतात. हा इन्स्टॉलर सुरू झाला, दोन पायऱ्या पुढे गेला आणि थबकला. पडद्यावर अक्षरे उमटली, की या संगणकावर जेडीके सापडत नाही. मुलाने जेडीके काढली, पुन्हा उतरवून घेतली, पुन्हा बसवली, उत्तर तेच. असे त्याने तीनदा केले. शे-सव्वाशे मेगाबाइटांचे ते बोचके दर वेळी मोबाइलच्या इंटरनेटवरून आणायचे, म्हणजे रात्र जायची आणि पैसेही जायचे. चौथ्या दिवशी तो आम्हांला म्हणाला, “काका, सगळ्यांचे होते, माझेच होत नाही. हे काम माझ्या डोक्याचे नाही.”

त्या इन्स्टॉलरच्या निर्मात्याचे नाव घेण्याचे कारण नाही. आम्हांला त्या वेळी वाईट वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. यंत्राने ‘मला सापडत नाही’ असे सांगितले आणि मुलाने ‘मला येत नाही’ असे ऐकले.

आता हा इन्स्टॉलर शोधतो तरी कसा, ते पाहू. एखादा शेतकरी बापाच्या पाठीमागे दहा वर्षे जमीन कसतो आहे. बांध आहे, विहीर आहे, उभे पीक आहे. पण वारसनोंद झालेली नाही. तो कचेरीत गेला तर कारकून सातबारा उघडतो आणि म्हणतो, “तुमच्या नावावर जमीन नाही.” कारकून खोटे बोलत नाही, पण तो शेतावरही गेलेला नाही. त्याने फक्त दप्तर पाहिले. आमचा इन्स्टॉलर असाच दप्तरी कारकून आहे. तो संगणकाचा कोपरान् कोपरा धुंडाळीत बसत नाही, कारण तसे करायला फार वेळ लागेल. ठरलेल्या दोनचार जागा तो पाहतो आणि तेथे नोंद नसेल तर ‘नाही’ म्हणून मोकळा होतो.

या जागा कोणत्या? पहिली विंडोजची रजिस्ट्री. नावाप्रमाणेच ही नोंदवही आहे आणि १९९५ सालच्या विंडोज ९५ पासून तिचा कारभार सर्वत्र झाला. कोणती आज्ञावली कोठे बसवली, तिची आवृत्ती कोणती, हे तीत लिहिलेले असते. दुसरी जागा ‘पाथ’ नावाची यादी. आज्ञावली कोणकोणत्या कप्प्यांत शोधावी हे ती सांगते. तिसरी ‘जावा-होम’, म्हणजे जावाच्या बिऱ्हाडाचा पत्ता. हा पत्ता आपण स्वतः लिहून ठेवायचा असतो.

मग सामग्री असूनही नोंद का सापडू नये? मुख्य कारण असे, की ६४ बिटांच्या विंडोजमध्ये आज्ञावल्यांच्या नोंदींचे दोन खण असतात. एक ६४ बिटांच्या आज्ञावल्यांसाठी, दुसरा जुन्या ३२ बिटांच्या आज्ञावल्यांसाठी. या दुसऱ्या खणाचे नाव ‘वॉव-६४३२-नोड’ असे चमत्कारिक आहे. ३२ बिटांची आज्ञावली नोंद विचारायला आली, की विंडोज तिला गुपचूप या दुसऱ्या खणाकडे नेते. आपल्याला दुसरीकडे नेले, याचा तिला पत्ताही नसतो. आमच्या विद्यार्थ्याची जेडीके होती ६४ बिटांची. तिची नोंद पहिल्या खणात. इन्स्टॉलर ३२ बिटांचा. तो पाहत होता दुसऱ्या खणात. मुलाने जेडीके तीनदाच काय, तीस वेळा बसवली असती तरी नोंद पहिल्याच खणात झाली असती!

दुसरे कारण नावाचे. सप्टेंबर २०१७ मध्ये जावाची नववी आवृत्ती आली. तोवर आठव्या आवृत्तीची नोंद ‘१.८’ अशी होत असे. आता सरळ ‘९’ असे लिहू लागले. रजिस्ट्रीतले ‘जावा डेव्हलपमेंट किट’ हे शीर्षकही बदलून नुसते ‘जेडीके’ झाले. जुने इन्स्टॉलर जुन्याच शीर्षकाखाली शोधत राहिले. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीला माहेरच्या नावाने हाक मारीत सासरच्या गावभर फिरावे, तशातला हा प्रकार.

याच्या उलटही घडते. एखाद्याने सामग्रीचा कप्पा हातानेच पुसून टाकला, तर नोंद मागे उरते आणि इन्स्टॉलर म्हणतो, ‘ही सामग्री येथे आहेच.’ मयत खातेदाराचे नाव सातबाऱ्यावर राहावे तसे.

आमच्या विद्यार्थ्याकडे परत येऊ. त्या इन्स्टॉलरबरोबर आलेल्या माहितीपत्रकात एक ओळ होती, की रजिस्ट्रीत नोंद न मिळाल्यास जावा-होमचा पत्ता पाहिला जाईल. आम्ही विचारले, “हे वाचलेस का?” तो म्हणाला, “वाचले, पत्ताही लिहिला, तरी होत नाही.” आम्ही पत्ता पाहिला. त्याने जेडीकेच्या मुख्य कप्प्याऐवजी तिच्या पोटातल्या ‘बिन’ या कप्प्याचा पत्ता दिला होता. इन्स्टॉलर दिलेल्या पत्त्यापुढे ‘बिन’ स्वतःच जोडतो. म्हणजे तो बिनच्या आत आणखी एक बिन शोधत होता. पत्ता दुरुस्त केला, तरी नकार! मुलाने आमच्याकडे पाहिले. तेव्हा ध्यानात आले, की आज्ञा लिहिण्याची ती काळी खिडकी आधीपासून उघडी होती आणि इन्स्टॉलर तिच्यातूनच सुरू केला जात होता. अशी खिडकी उघडताना जे पत्ते असतील तेच ती जवळ बाळगते. मागाहून केलेला बदल तिला कळत नाही. ती मिटून नवी उघडली, आणि इन्स्टॉलर निमूटपणे पुढे गेला. चार दिवसांचे काम अर्ध्या तासात झाले. नवी काही सामग्री लागली नाही.

यातून जो क्रम आम्ही शिकलो तो सांगतो. आधी संदेश शब्दशः वाचावा. जावा चालवण्याची जेआरई आणि जावात लिहिण्याची जेडीके या दोन वस्तू आहेत. मागितली कोणती ते पाहावे. मग वस्तू खरोखर आहे का ते स्वतः तपासावे. नव्या काळ्या खिडकीत ‘जावा’ आणि ‘जावा-सी’ या दोन्ही आज्ञांना त्यांची आवृत्ती विचारावी. पहिली उत्तर देते आणि दुसरी देत नाही, तर एक तर फक्त जेआरई आहे किंवा पाथमध्ये जेडीकेच्या बिनचा पत्ता नाही. कप्पा उघडून पाहिला की दोहोंतले खरे कोणते ते कळते. त्यानंतर बिटांचा मेळ पाहावा, मग आवृत्तीचा, मग पत्त्याचा. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. सर्व काढून पुन्हा बसवणे हा उपाय शेवटचा. पण घाबरलेला माणूस नेमका तोच पहिल्यांदा करतो.

सज्जनहो, आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा फार सूक्ष्म विचार केला होता. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धि’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तेथे घट नाही, असे ज्ञान होते. नैयायिक त्याला वेगळे प्रमाण मानीत नाहीत, हा वाद राहू द्या. महत्त्वाची आहे ती अट. अनुपलब्धि ‘योग्य’ हवी. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून नसणे सिद्ध होते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. इन्स्टॉलर भलत्या खणात पाहतो, म्हणजे अंधाऱ्या खोलीत घट शोधतो, आणि निकाल मात्र लख्ख उजेडातल्यासारखा देतो!

अलीकडे निर्माते काहीसे शहाणे झाले आहेत. उदाहरणार्थ अँड्रॉइड स्टुडिओ ही सामग्री २०१६ पासून आपली जेडीके बरोबरच घेऊन येते, म्हणजे शोधण्याचा प्रश्नच मिटला. पण प्रत्येक पाहुणा आपले अंथरूण घेऊन आला तर घरात जागा पुरत नाही, हेही खरे. एकाच संगणकावर चार चार जावा नांदू लागतात आणि कोणती कोणाची, हा नवा प्रश्न उभा राहतो.

जाता जाता एकच सांगणे. उद्या कोणा वृद्धेला खिडकीवर ‘यादीत तुमचे नाव नाही’ असे सांगितले जाईल, कोणा मुलाला यंत्र ‘सापडत नाही’ म्हणेल. त्या वेळी त्यांच्याजवळ उभे राहून एवढेच विचारावे: “कोठे पाहिलेत?” हा प्रश्न विचारायला विद्वत्ता लागत नाही. तो विचारला गेला नाही, तर मात्र माणसे आपल्याच असण्याविषयी शंका घेऊ लागतात. आमचा विद्यार्थी त्या वर्षी शिकत राहिला, ही आमची आजच्या व्याख्यानाची मिळकत.