कर्णनाद : औषधाची आशा आणि मर्यादा



रात्री ठाणे–बेलापूर मार्गावरील वर्दळ ओसरते, ऐरोलीतील घरे निवांत होतात आणि नेमक्या त्याच वेळी अनेक ज्येष्ठांच्या कानांत रातकिड्यांसारखी किरकिर सुरू होते. यालाच कर्णनाद म्हणतात. वयोमानाने किंवा यंत्रांच्या गोंगाटाने अंतर्कर्णातील सूक्ष्म रोमपेशी झिजतात. त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. कानाकडून येणारे संकेत कमी झाले की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवितो आणि नसलेला ध्वनी ऐकू येतो, असे तज्ज्ञ मानतात.

हा नाद थांबविणारी गोळी आहे काय? नोबेल पारितोषिकप्राप्त कर्णतज्ज्ञ रॉबर्ट बाराणी यांनी १९३५ मध्ये प्रोकेन हे बधिरतेचे औषध शिरेतून देऊन नाद काही काळ शमल्याचे नोंदविले. पुढे लिडोकेननेही तसेच घडले. परंतु परिणाम अल्पकाळ टिकला आणि धोके उरले. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये स्पष्ट केले की, केवळ कर्णनादासाठी नैराश्यावरील वा चिंताशामक औषधे सरसकट देऊ नयेत. गिंको, जस्त व मेलाटोनिन यांचीही शिफारस करू नये. जाहिरातींना भुलून कष्टाचा पैसा दवडणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

उलट, काही औषधेच कान वाजवितात. अधिक मात्रेतील ॲस्पिरिन, क्विनाईन, क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन ही त्यांची उदाहरणे. तथापि हृदयविकारासाठी दिलेली ॲस्पिरिन कोणीही परस्पर बंद करू नये. तो निर्णय वैद्यांचा.

एक अपवाद मात्र जिवाभावाने स्मरणात ठेवावा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले व नाद सुरू झाला, तर त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जावे. तेथे स्टेरॉइडचा उपयोग होऊ शकतो. मात्र विलंबाने ती संधी हातची जाते. एकाच कानातील सततचा नाद किंवा नाडीच्या ठोक्यांबरोबर येणारा नाद, हेही तपासून घ्यावेत.

इतरांनी निराश होऊ नये. कधी कानातील मळ काढल्यानेही आराम पडतो. श्रवणशक्ती मंदावली असेल तर श्रवणयंत्राने नाद मागे सरतो. रात्री पंख्याचा मंद आवाज सोबतीला असावा. मानसोपचारातील विचार-वर्तन पद्धतीने नादाचा त्रास कमी होतो, हे अभ्यासांनी दाखविले आहे. श्रवणतपासणीसाठी वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था कार्यरत आहे.

घरातील ज्येष्ठ कान वाजत असल्याचे सांगतात तेव्हा तो भ्रम म्हणून हसण्यावारी नेऊ नये. त्यांचे म्हणणे आस्थेने ऐकून घेणे, हीच उपचाराची पहिली पायरी होय.