अलर्ट पुण्यात, आजी जामसंड्यात

आज गेस्ट नाही, मी एकटाच आहे. आणि विषय माझ्याच घरातला आहे.

माझी आजी देवगडजवळ जामसंड्यात एकटी राहते. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर, आईबाबा ठाण्यात. मी आजीला एक घड्याळ घेऊन दिलं होतं, माणूस पडला की अलर्ट पाठवणारं. सेटिंग केलं, टेस्ट केलं. जाम भारी वाटलं होतं.

गेल्या मार्चमध्ये एका पहाटे आजी न्हाणीत पडली. घड्याळाने काम चोख केलं, लगेच माझा फोन वाजला. पण पुढे काय? पुण्याहून गाव आठ-नऊ तासांवर. आजी फोन उचलेना. आणि शेजारच्या काकींचा नंबर माझ्याकडे नव्हताच! आईने तो शोधून दिला. काकी मागच्या दाराने आत गेल्या, त्यांनीच १०८ ला फोन केला. मनगट मोडलं होतं. नंतर आजी मला म्हणते, ‘काय नाय रे, बरी आसंय मी.’ हेच वाक्य ती मला रोज ऐकवते.

लोक म्हणतात, आजकालच्या पोरांवर संस्कार नाहीत. मला हे पूर्ण पटत नाही. कोकणी माणूस मुंबईला कित्येक पिढ्या जातोय. पण गिरणीतला चाकरमानी बहुतेकदा एकटाच जायचा, गिरणगावात गाववाल्यांसोबत खोलीत राहायचा आणि गावी मनीऑर्डर करायचा. मग गावातल्या म्हाताऱ्यांचं कोण करायचं? त्याची बायको. शेती, गुरं, पोरं, सासू-सासरे, सगळं तीच बघायची. २०११ च्या जनगणनेतही सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या, यामागचं मोठं कारण हेच.

आता आख्खं कुटुंबच निघतं. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. म्हणजे श्रावणबाळ कमी झाले असं नाही. हे सगळं फुकट करणारी सून आता गावात नाही. आणि तिने परत जावं असं मी म्हणणार नाही. माझी आईसुद्धा नोकरी करते.

मग ते काम आता कोण करतं? आमच्याकडे, काकी. प्लास्टर होतं तोवर आजीची अंघोळ, वेणी, गोळ्या सगळं त्यांनी केलं. तेही ऐन आंब्याच्या सीझनला. काकी दरवर्षी बागेत पेट्या भरायला रोजावर जातात, त्या वर्षी गेल्या नाहीत. आम्ही काय दिलं? मिठाईचा एक बॉक्स. काकी काहीच बोलल्या नाहीत. आजीनेच सांगितलं, ‘तिचो सीझन बुडालो माझ्यापायी.’ खरं सांगतो, मान खाली गेली.

पैशांचा विषय काढला तर काकी रागावल्या. ‘शेजारधर्माचे कोण पैसे घेता रे?’ मी म्हटलं, काकी, बागवाल्याकडून घेता ना? मग हे काम नाही का? दोन दिवस लागले त्यांना पटायला. आता महिन्याचा पगार ठरलाय, आठवड्याला एक सुट्टी. त्या दिवशी वाडीतली दुसरी एक ताई येते.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडील मुलांकडून निर्वाह भत्ता मागू शकतात, नातवंडांकडूनही. पण पैसे आले तरी पाठ चोळायला माणूस लागतोच.

म्हणून आज रात्री तीन गोष्टी करा. गावच्या शेजाऱ्यांचा नंबर सेव्ह करा, एक नाही, दोन घरांचे. आजी-आजोबांच्या फोनमध्ये १०८ आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ टाकून ठेवा. आणि ‘बरी आसंय’ ऐकून फोन ठेवू नका. विचारा, ‘आज तुझ्याकडे कोण आलं होतं?’ त्या उत्तरात ज्याचं नाव येईल, त्याचा रोज कोण भरतंय, तेही बघा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला.