लाल पेन्सिलीचं वर्तुळ



मघाशी शाळेच्या या कार्यक्रमात कविता म्हणताना एक छोटी मुलगी मधेच थांबली. तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, भराभर त्याच ओळीपाशी आली आणि पुन्हा तिथेच थांबली. विंगेतून बाईंनी पुढचा शब्द सांगितला, तेव्हा कविता पुढे सरकली. मी भाषण लिहून आणलं होतं, पण तिला पाहिलं आणि ते पर्समध्येच ठेवलं. तीस वर्षं मी पियानो शिकवते आहे. अशा थांबण्याशी माझी रोज गाठ पडते, म्हणून आज त्याबद्दलच बोलते.

मी स्वतः पियानो शिकायला लागले तेव्हा तेरा वर्षांची होते. घरी पेटी होती. पेटीवर डावा हात भात्यात गुंतलेला असतो, त्यामुळे पियानोवर दोन्ही हातांना वेगवेगळं काम दिलं की माझा गोंधळ उडायचा. तो हळूहळू सावरला आणि माझ्या पियानोच्या बाईंनी मोझार्टचा सी मेजरमधला सोनाटा काढला. मोझार्टने २६ जून १७८८ रोजी स्वतःच्या वहीत त्याची नोंद केली आणि पुढे लिहिलं की हा नवशिक्यांसाठी आहे. त्यातल्या पहिल्या भागात, पाचव्या बारपासून, उजव्या हाताला ओळीने स्केल्स, म्हणजे सुरांच्या चढत्या-उतरत्या मालिका, येतात. पहिली ए पासून वर जाऊन परत येते, दुसरी जी पासून, तिसरी एफ पासून, चौथी ई पासून. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. डाव्या हाताला तेव्हा मोजकंच काम असतं.

मी तिसऱ्या स्केलपाशी अडायचे. दर वेळी. पहिल्या दोन छान यायच्या, मग एफ, जी, ए, आणि बी वर अंगठा जायच्या जागी बोटं एकमेकांत अडकायची. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. त्या बारभोवती मी लाल पेन्सिलीने वर्तुळ काढलं होतं. नंतर त्यावर दुसरं, मग तिसरं. शेवटी शेवटी ते वर्तुळ पानावर दुरून दिसलं की छातीत धडधडायला लागायचं.

आमच्या बाई मूळच्या गोव्याच्या. तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये पिढ्यान् पिढ्या मुलांना सूर वाचायला शिकवलं गेलं, त्याच परंपरेत त्या वाढलेल्या. त्या रागावल्या नाहीत. माझ्या उजव्या खांद्यावर तळहात ठेवून म्हणाल्या, ‘वाजव.’ मी वाजवलं, अडकले. ‘पुन्हा.’ पुन्हा अडकले. मग त्या म्हणाल्या, ‘बाळा, तू चुकतेस ती जागा ही नव्हेच. दुसरी स्केल उतरायला लागलीस की तुझा खांदा वर येतो.’

तेच खरं होतं. तिसरी स्केल जवळ आली की भीतीने खांदा उचलला जायचा, त्याने मनगट ताठ व्हायचं आणि ताठ मनगटाखालून अंगठा सरकतच नाही. चूक उमटायची तिसऱ्या स्केलमध्ये, पण तिचं मूळ एक बार आधीच होतं. आणि रोज वीस वेळा पहिल्यापासून वाजवून मी त्या भीतीचाच रियाज करत होते. अंगाला ती इतकी सवयीची झाली होती की स्केलसारखीच तीही पाठ झाली होती.

त्या दिवशी बाईंनी मला फक्त पाच सूर दिले. दुसऱ्या स्केलचे शेवटचे चार, सी, बी, ए, जी, आणि तिसरीचा पहिला एफ. तिथे थांबायचं, खांदा सोडायचा, श्वास घ्यायचा. आठवडाभर एवढंच, ठाय लयीत. पुढच्या आठवड्यात थेट तिसऱ्या स्केलपासून सुरुवात. मग चौथीपासून. मग सुरांची नावं मोठ्याने म्हणत. सोनाटा पहिल्यापासून वाजवायला मला जवळजवळ महिनाभर बंदी होती. घरी आई विचारायची, एवढंच का गं वाजवतेस?

बोटांची स्मृती ही रांगेतल्या माणसांसारखी असते, एकाने दुसऱ्याचा हात धरलेला. एक हात सुटला की मागची सगळी रांग उभी राहते. म्हणून पहिल्यापासून पाठ केलेलं पहिल्यापासूनच येतं. धडा असो, कविता असो, भरतनाट्यम असो, मधल्या चार-पाच ठिकाणी तुमचं स्वतंत्र दार हवं, जिथून तुम्हाला आत शिरता येईल. माझ्या विद्यार्थ्यांना मी कोणताही बार दाखवून ‘इथून’ म्हणते. आधी त्यांना राग येतो.

मधूनच आत शिरावं लागणं काय असतं ते पाहायचं असेल, तर पोर्तुगालच्या पियानोवादक मारिया जोआओ पिरेश यांचं एक चित्रीकरण घरी जरूर शोधून पाहा. ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ सभागृहात श्रोत्यांसमोर वाद्यवृंद सुरू होतो आणि त्यांच्या लक्षात येतं की आपण तयारी केली ती मोझार्टचा कॉन्चेर्टो हा नव्हे. हा तर डी मायनर! चेहरा उतरतो, हात कपाळाशी जातो. संचालक रिकार्डो शायी ताल देता देता त्यांच्याशी बोलत राहतात, धीर देतात. आणि पियानोची वेळ येते तेव्हा त्या वाजवू लागतात, आठवणीतून. मी ते कितीदा पाहिलं असेल! दर वेळी मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढून खांद्यांकडे पाहते.

आता त्या वर्तुळाचं. महिन्याने बाईंनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि खोडरबराने ते लाल वर्तुळ खोडायला घेतलं. मी घाबरून म्हटलं, ‘बाई, मग मला जागा कशी कळणार?’ त्या खोडतच राहिल्या. तीन वर्तुळं होती, वेळ लागला. कागद पातळ झाला, पण फाटला नाही. पुढे एका कार्यक्रमात मी तो सोनाटा वाजवला. तिसरी स्केल कधी गेली मला कळलंच नाही. चौथीत आहोत हे लक्षात आलं, तेव्हा मागे ती निघून गेलेली होती.

ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे. त्याच पानावरून मी मुलांना हा सोनाटा शिकवते. उजेडात धरलं की तो बार इतर बारांपेक्षा जरा जास्त उजळ दिसतो.

 मुख्याध्यापक सर, एकच विनंती आहे. कार्यक्रम संपला की त्या छोट्या मुलीला माझ्याकडे पाठवाल का? मला तिची कविता ऐकायची आहे, ती थांबली त्या ओळीपासून.