खंडानंतरचे वादन



आम्ही संगीतातले जाणकार नव्हे. आमची शाळा कारखान्याच्या फाटकावर भरली. तरी आज एका वाद्यवृंदाविषयी बोलण्याचे धाडस करीत आहोत. कारण थांबलेले काम पुन्हा उभे कसे करावे, हा आमच्या नित्याच्या कामातलाच प्रश्न आहे.

कॅनडातील माँट्रिअल शहरी १९९४ साली 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर' नावाचा रॉक वादकांचा मेळ जमला. गिटारी, व्हायोलिन, दोन ड्रमवाले. गाणारा कोणी नाही. एकेक रचना वीस-वीस मिनिटे चालावयाची. २००३ साली त्यांनी वादन थांबविले. २०१० साली मंडळी पुन्हा रंगमंचावर आली आणि २०१२ च्या ऑक्टोबरात, तब्बल दहा वर्षांनी, त्यांची नवी ध्वनिमुद्रिका निघाली.

तीतील चारांपैकी दोन मोठ्या रचना मात्र नव्या नव्हत्या. थांबण्यापूर्वीच त्या जलशांतून वाजत होत्या; मुद्रित व्हावयाच्या राहिल्या होत्या. म्हणजे या वादकांनी जुन्या कीर्तीचे प्रदर्शन मांडले नाही, की पाटी कोरीही केली नाही. अर्धे राहिलेले काम हाती घेतले. त्याच वर्षी क्वेबेक प्रांतात फीवाढीविरुद्ध विद्यार्थी उठले होते; लोक पातेली बडवीत रस्त्यावर येत. पहिल्या रचनेच्या अखेरीस तो पातेल्यांचा आवाज ऐकू येतो. १९७२ साली लाटणी-थाळ्या घेऊन निघालेल्या मुंबईच्या बायांची हकीगत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो परका वाटणार नाही.

आमच्या युनियनची एक शाखाही आठ वर्षे बंद होती. पुन्हा बैठक बोलावली, तेव्हा दोन तास नुसत्या आठवणी निघाल्या; चहा झाला, माणसे उठू लागली. तेवढ्यात एका सोबत्याने पिशवीतून बोनसच्या राहिलेल्या दाव्याची वही काढली. माणसे परत बसली. शाखा त्या क्षणी सुरू झाली. आठ वर्षे ती वही त्याने जपली नसती, तर आम्ही चहा पिऊनच घरी गेलो असतो.

२०१३ साली या वादकांना पोलॅरिस पारितोषिकाचे तीस हजार डॉलर मिळाले. त्यांनी समारंभाच्या थाटमाटावर टीका केली आणि ती रक्कम क्वेबेकच्या तुरुंगांतील बंद्यांना वाद्ये मिळावीत म्हणून लावण्याचे जाहीर केले.

मित्रहो, थांबणे हा गुन्हा नव्हे. माणूस थकतो, संघटनाही थकते. थांबताना वही मात्र जपून ठेवावी, एवढेच आमचे सांगणे.