कळसूची अट

(अकोले तालुक्यातल्या डोंगराखालच्या गावांमधील बायकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



कळसूची गोष्ट तुम्हाला मी सांगायला नको. कोळ्याची ही पोर पाटलाच्या घरी कामाला राहिली. राहतानाच तिनं अट घातली की भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस घरात पाहुणे आले आणि तिला भांडी घासायला लावली. तिनं ती घासली आणि तडक डोंगर चढून गेली. पुन्हा खाली आली नाही. त्या डोंगराला आपण कळसूबाई म्हणतो आणि नवरात्रात तिची ओटी भरायला जातो.

आज ही गोष्ट काढली, कारण पाहुणे आता आपल्या घरी दर शनिवारी येतात. कळसूबाईचं १६४६ मीटरचं शिखर चढायला येतात, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा बघायला येतात, साम्रदच्या सांदण दरीत दोरावरून उतरायला येतात. मे महिना संपता संपता काजवे बघायला येतात.

त्यांनी येऊ नये असं मी म्हणणार नाही. आपला भात एका पावसाचा. १९८६ साली अभयारण्य झालं, जंगलावर बंधनं आली. भंडारदऱ्याचं धरण १९२६ सालचं, पण त्याचं पाणी कालव्यानं खालच्या उसाला जातं आणि वरच्या पाड्यावरची बाई उन्हाळ्यात डोक्यावर हंडा वाहते. भात निघाला की कितीतरी कुटुंबं नारायणगावकडे मजुरीला जातात. पाहुण्यांमुळे एखादं घर जागेवर राहत असेल, पोरांची शाळा सुटत नसेल, तर ते चांगलंच आहे.

दूर ग्रीस देशात कालिम्नोस नावाचं बेट आहे. तिथले पुरुष पिढ्यान् पिढ्या समुद्रात बुड्या मारून स्पंज काढत. १९८६च्या सुमाराला स्पंजांवर रोग पडला आणि आधीच खालावलेला धंदा पार बसला. पुढे दोर घेऊन कडे चढणारे परदेशी तिथे येऊ लागले आणि शेळ्यांच्या त्या उघड्या खडकानं बेटाला रोजगार दिला. खडकसुद्धा पोट भरू शकतो. प्रश्न एवढाच, की कष्ट कोणाचे आणि पैसा कोणाच्या हाती?

मागच्या हिवाळ्यात एका मैत्रिणीकडे मी शनिवारची राहिले. चाळीस माणसं उतरली होती. घर पाहुण्यांना दिलं आणि घरच्या बाया गोठ्याशेजारी निजल्या. पहाटे तीनला चूल पेटली. मैत्रीण, तिची सासू आणि बारा वर्षांची मुलगी दुपारपर्यंत भाकरी, पिठलं, चहा आणि भांडी यांतून उठल्या नाहीत.

संध्याकाळी आम्ही हिशेबाची वही उघडली. पीठ, तेल, गॅस, गाडीवाल्याचं कमिशन, दोर धरायला गेलेल्या पुतण्याची मजुरी, सगळं लिहिलेलं होतं. तिघींचे कष्ट तेवढे कुठेच नव्हते. तिचा नवरा वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "ताई, घरच्या बाईची मजुरी कशी धरायची?"

मी विचारलं, "मग घरच्या पोराची कशी धरलीत?"

"ते बाहेरचं काम."

तेव्हा सासूबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "मग पाहुणे कुठं आपल्या घरचे आहेत?"

त्यावर तो काही बोलला नाही.

बायांनो, म्हातारीचं बोलणं आपण उचलून धरू. पहिलं, प्रत्येक जेवणामागे रांधणारीची मजुरी वहीत लिहायची आणि ती तिच्याच खात्यात टाकायची. एकटीला बोलायला जड जात असेल तर बचत गटानं मिळून जेवणाचा दर ठरवायचा, म्हणजे गाडीवाला एका घराला दुसऱ्या घराविरुद्ध खेळवणार नाही. दुसरं, दारावरच्या पाटीवर दोघांची नावं हवीत. तिसरं, मुलींना दोराचं शिक्षण द्यायचं. सरपणाची मोळी घेऊन आपण जन्मभर डोंगर चढलो, तरी वाटाड्या म्हटलं की मुलगाच का आठवतो?

हे सगळं मागायला जागा आहे. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावीच लागते. ती कागदावर उरकू देऊ नका. गाव पेशाखाली असेल तर ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. २००६च्या वनहक्क कायद्यानं वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका असायलाच हव्यात. प्रवेश फी, पार्किंग, कचरा, पाणी, या सगळ्याचा हिशेब तिथे मागा. सही करण्याआधी वाचून घ्या.

कळसूला घर सोडून जावं लागलं. आपल्याला कुठे जायचं नाही, घर आपलंच आहे. पण तिनं अट घातली होती ती कामाला राहतानाच. आपणही पुढचा हंगाम सुरू होण्याआधी आपली अट सांगू या, आणि ती एकेकीनं नाही, सगळ्यांनी मिळून.