मी कानसेनही नव्हे

तानसेन होता आले नाही तर निदान कानसेन तरी व्हावे, असे आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्याला वाटते की ही दुसरी पदवी सोपी आहे. माझा अनुभव निराळा आहे. गेली वीस-पंचवीस वर्षे मी शास्त्रीय संगीत ऐकतो आहे, पण समोर चाललेला राग भूप की देशकार, हे मला अजून छातीठोकपणे सांगता येत नाही. पेशाने मी अर्थशास्त्राचा अध्यापक. घर धुळ्याला, नोकरी जळगावला. पारोळा-एरंडोलच्या रस्त्याने एस. टी.ने जाता-येता मी मोबाईलवर गाणे ऐकतो. आपल्या कापसाच्या मुलखात कानात बोळे घालून बसलेला माणूस काही नवा नाही. माझे बोळे गातात, इतकाच फरक!

तेव्हा श्रोतेहो, आज तुमच्याशी बोलतो आहे तो जाणकार नव्हे. तुमच्यातही माझ्यासारखे पुष्कळ असतील. गाणे आवडते, पण ‘आपल्याला त्यातलं काय कळतं?’ या संकोचाने मागच्या खुर्चीवर बसणारे. हे बोलणे त्यांच्यासाठी आहे.

हा संकोच मला एका सकाळी चांगलाच नडला. मैफल सुरू झाली आणि चार-पाच स्वरांतच मला ओळख पटली. शेजारच्या वृद्ध गृहस्थांकडे वळून मी ऐटीत म्हणालो, “भूप!” ते हसले आणि हळूच म्हणाले, “बाहेर ऊन किती आलंय, ते तरी पाहा!” स्वर तेच, सा, रे, ग, प, ध. पण भूप रात्रीचा आणि गंधारावर रमणारा, देशकार सकाळचा आणि धैवताकडे ओढ घेणारा. पाच भावंडांचे घर तेच, पण कारभार कोणाच्या हाती आहे यावर घराची रीत बदलावी, तसे हे आहे. त्या गृहस्थांनी सांगितले ते प्रेमानेच. पण मी असा ओशाळलो की पुढे दोन वर्षे मैफलीची पायरी चढलो नाही. घरी ऐकायचो तेही परीक्षेला बसल्यासारखे. राग ओळखला तर उत्तीर्ण, नाही तर नापास. यात गाणे कुठे निघून जाई, ते कळत नसे.

ही खोड मोडली आमच्या नानांनी. नाना म्हणजे माझे वडील. जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. शनिवारी रात्री आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागे. १९५२ साली तो सुरू झाला, म्हणजे नानांहून फार लहान नव्हता. तो लागला की नाना कंदिलाची वात कमी करावी तसा रेडिओचा आवाज कमी करीत आणि डोळे मिटून बसत. रागाचे नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. मी शिकलेला मुलगा. मला वाटे, नानांना यातले कळत काही नाही, दिवसभराचा शीण घालवतात, एवढेच.

शेवटच्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अशाच एका शनिवारी मी रेडिओ लावून उशाशी बसलो होतो. विलंबित एकताल चालला होता. मात्रा बाराच, पण लय इतकी संथ की एक आवर्तन पुरे व्हायला मिनिटभर लागावे. मी आपला सवयीने राग कोणता, याच्या मागे. एकाएकी माझे लक्ष नानांच्या डाव्या हाताकडे गेले. तर्जनी किंचित उचलली जाई आणि नेमकी समेवर पांघरुणावर पडे. पुढच्या आवर्तनाला पुन्हा तसेच. मी डोळे मिटून मोजू लागलो, तर दोनदा चुकलो. त्यांचे बोट एकदाही चुकले नाही.

त्या रागाचे नाव मला त्या रात्री कळले नाही, आणि नंतर मी ते शोधलेही नाही. चाळीस वर्षे एक माणूस माझ्या शेजारी बसून गाणे ऐकत होता आणि त्याला ते कळत नाही असे मी समजत होतो, याचीच मला लाज वाटत राहिली. मैफलीतल्या लाजेहून ही लाज मोठी होती. पण तिने मला गाण्यापासून दूर केले नाही. उलट परत आणून बसवले.

परवा वर्गातल्या एका मुलाने विचारले, “सर, तुमचा आवडता म्युझिक डायरेक्टर कोण?” चित्रपटापुरते उत्तर सोपे आहे. पण आपल्या रागसंगीतात रचना करणारा नेमका कोण? अठराव्या शतकात दिल्लीच्या मुहम्मदशहाच्या दरबारात नियामतखाँ नावाचे बीनकार होते. ‘सदारंग’ या नावाने त्यांनी ख्याल रचले आणि ते नाव बंदिशीतच गुंफून ठेवले. आजही गवई ते नाव गातो, आणि आपण ते बोलांच्या ओघात ऐकून सोडून देतो. बंदिश असते अवघी चार ओळींची. तिच्यावर गवई तासभर उभा राहतो. मग रचना सदारंगांची म्हणायची की गवयाची?

आपल्या खानदेशात याचे उत्तर कोणतीही आजीबाई देईल. खापरावरची पुरणपोळी तिने करताना तुम्ही पाहिलीच असेल. गोळा एवढासा. पण तो दोन्ही हातांवर फिरवीत फिरवीत ती असा वाढवते की मनगटाच्या पलीकडे जातो, तरी फाटत नाही. गोळा मळणाऱ्याचे श्रेय आहेच. पण पोळी त्या हातांची! आणि दोन हातांच्या पोळ्या कधी सारख्या झाल्या आहेत?

माझ्या आवडीच्या रचनाकारांत पहिले नाव भास्करबुवा बखल्यांचे. १९१६ साली ‘स्वयंवर’ नाटक आले. त्याच्या चाली बुवांच्या. मैफलीला जाण्याची ज्यांची ऐपतही नव्हती आणि धाडसही नव्हते, अशा हजारो घरांत यमन, बिहाग, भीमपलास त्या पदांतून जाऊन पोहोचले, आणि तेही नाव न सांगता. ती पदे गाणारे बालगंधर्व तर आपल्या जळगावचेच म्हणायचे. लहानपणी नारायण राजहंस इथे राहिले आणि मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे, आणि दर जानेवारीत त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव इथे भरतो.

दुसरे नाव कुमार गंधर्वांचे. धुळ्याहून आग्रा रोडने निघालात, की सेंधवा ओलांडून इंदूर, आणि पुढे देवास. पंचविशीच्या आतच नावारूपाला आलेला हा गवई १९४८ साली क्षयाने आजारी होऊन तिथे आला. सुमारे पाच वर्षे गाणे बंद. गळ्याचा धनी नुसता श्रोता होऊन पडून राहिला. त्या काळात त्यांच्या कानावर माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी पडत होती. तीन-चार स्वरांची, साधी. त्यांतून पुढे त्यांनी मालवती, लगनगंधार, मधसुरजा असे राग घडवले, आणि १९६५ साली ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात आपल्या बंदिशी दिल्या. मधसुरजातल्या त्यांच्या बंदिशीत बळी द्यायला नेलेली बकरी देवीला विनवते आहे, कारण तिचे पिल्लू घरी आहे. ते ऐकताना मला राग ओळखायची आठवणही होत नाही. बिछान्यावर पडून ऐकलेल्या सुरांतून एवढे निघते, तर ऐकणे हे काही दुय्यम काम नव्हे!

आता तुमच्यासाठी दोन-तीन गोष्टी सांगतो. मला त्यांचा उपयोग झाला, म्हणून. आरंभी तासाभराच्या ख्यालाला हात घालू नका. जुन्या तबकड्यांवरचे तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे घ्या. अब्दुल करीमखाँ, हिराबाई बडोदेकर यांनी तेवढ्या वेळात काय काय मांडून ठेवले आहे ते पाहा. आज हे सारे मोबाईलवर फुकट मिळते. नानांना त्यासाठी शनिवारची वाट पाहावी लागे. मग एकच राग तिघांकडून ऐका, म्हणजे गोळा आणि हात यांतला फरक आपोआप कळेल. आणि रागाचे नाव ओळखण्याआधी सम ओळखायला शिका. तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजा. चुकलात तर चुकू द्या, कोणी गुण कापणार नाही. समेवर गवई, तबलजी आणि तुम्ही एकाच क्षणी येऊन भेटलात, की मान आपोआप हलते. ती मान खरी. शेजाऱ्याला दाखवण्यासाठी हलवलेली मान खोटी, हे मी स्वानुभवाने सांगतो.

आणि हो, घरात कोणी वडीलधारे डोळे मिटून गाणे ऐकत असतील, तर आज त्यांच्या शेजारी जाऊन बसा. त्यांना काही विचारू नका. नुसते त्यांच्या बोटांकडे पाहा.